चालता चालता अडखळणारा संगणक

यंत्र मुळीच सुरू होत नसेल, तर त्यातील दोष शोधणे तुलनेने सोपे असते. दोष समोर उभा असतो आणि तपासणाऱ्याने कितीही वेळा पाहिले तरी तो जागचा हलत नाही. सकाळी सुरळीत चालणारा, दोन-तीन तास निमूटपणे काम करणारा आणि त्यानंतर एकाएकी गोठणारा, आपोआप पुन्हा सुरू होणारा अथवा निळा पडदा दाखवून थांबणारा घरगुती संगणक मात्र मोठ्या त्रासाचा विषय होऊन बसतो. तो दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर वाटेतच थंड होतो. कारागीर तो चालू करतो, दहा-पंधरा मिनिटे पाहतो आणि यंत्रात काही बिघाड नाही असे सांगतो. त्याने पाहिले तेवढ्यापुरते ते खरेही असते. घरी आणल्यावर तिसऱ्या तासाला तोच प्रकार पुन्हा घडतो. मग अंदाजाने भाग बदलण्यास आरंभ होतो. आधी रॅम, मग वीजपुरवठ्याची पेटी, अखेरीस मदरबोर्ड. जुन्या यंत्राच्या किमतीइतका पैसा खर्च होऊनही दोष कायम राहिला, असे अनेकदा घडते.

खर्चाहूनही गंभीर अशी एक गोष्ट आहे. अस्थिर संगणक प्रत्येक वेळी बंदच पडतो असे नाही. त्याच्या स्मृतीतील एखादा अंक उलटला, तर तो चुकीचा अंकच प्रामाणिकपणे तबकडीवर लिहून ठेवतो आणि काम पुढे चालू राहते. शाळेचे गुणपत्रक, ग्रंथालयाची दाखल नोंदवही, घरातील छायाचित्रे यांत अशा रीतीने शिरलेला दोष कित्येक महिन्यांनी ध्यानात येतो. म्हणून दोष शोधण्यापूर्वी महत्त्वाच्या सर्व लिखाणाची प्रत वेगळ्या साधनावर काढून ठेवावी. आधीची जुनी प्रत असल्यास ती पुसून तिच्या जागी नवी ठेवू नये. आजारी यंत्राने केलेली नवी प्रत जुनीपेक्षा चांगली असेल, याची शाश्वती नसते.

वेळ काय सांगते

संगणक काही तासांनीच बिघडतो, ही तक्रार म्हणजेच वस्तुतः सर्वांत उपयुक्त पुरावा होय. पहिल्या तासाला नसलेली अशी कोणती तरी गोष्ट तिसऱ्या तासाला यंत्रात अथवा यंत्राभोवती उपस्थित असली पाहिजे. ती गोष्ट उष्णता असू शकेल. एखाद्या कार्यक्रमाने हळूहळू व्यापलेली स्मृती असू शकेल. किंवा यंत्राचा काहीच दोष नसून, यंत्र चालू करण्याच्या नित्य वेळेपासून तीन तासांनी संध्याकाळ होत असेल आणि त्या सुमारास वस्तीतील विजेचा दाब उतरत असेल. या तीन शक्यतांचे उपाय एकमेकांपासून सर्वस्वी भिन्न आहेत. त्यांची निवड मात्र एका अगदी साध्या परीक्षेने बरीचशी करता येते.

संगणक अडखळला की त्याला विश्रांती न देता तत्काळ पुन्हा सुरू करावा आणि घड्याळाकडे पाहावे. पुन्हा सुरू केल्याने स्मृती पूर्णपणे रिकामी होते. कार्यक्रमांनी साठविलेले सर्व काही नाहीसे होते. परंतु उष्णता जिथल्या तिथे राहते. तेव्हा पुन्हा सुरू केलेला संगणक पाच-दहा मिनिटांतच पडला, तर संशय उष्णतेवर घ्यावा. तो आणखी तीन तास नीट चालला, तर दोष बहुधा कार्यक्रमांत आहे. दुसऱ्या दिवशी याच्या उलट करावे. पहिल्या बिघाडानंतर यंत्र बंद करून अर्धा तास थंड होऊ द्यावे आणि मग किती वेळ चालते ते टिपून घ्यावे. तिसऱ्या दिवशी यंत्र नेहमीपेक्षा तीन तास आधी सुरू करावे. बिघाडही तीन तास आधी आला, तर कारण यंत्रात आहे. तो घड्याळातील त्याच वेळी आला, तर कारण यंत्राबाहेर शोधावे लागेल.

या परीक्षेला एक पैसाही लागत नाही. लागते ते वहीचे एक पान, आणि त्यावर तारीख, सुरू केल्याची वेळ, बिघाडाची वेळ, चालू असलेले काम, खोलीतील उकाडा आणि बिघाडाचे नेमके स्वरूप एवढ्या नोंदी. चार दिवसांच्या अशा नोंदी कारागिरापुढे ठेवल्यास त्याचे अर्धे काम झालेले असते.

उष्णतेचा हिशेब

संगणकाचा प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सारी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. घरगुती संगणकातील अनेक प्रोसेसर भरात काम करीत असताना ६५ वॅट किंवा त्याहून अधिक वीज खर्च करतात. जुन्या काळच्या ६० वॅटच्या विजेच्या दिव्याला हात लावण्याचे धाडस कोणी करीत नसे. येथे तेवढीच उष्णता काडेपेटीहून लहान अशा पृष्ठभागातून निघते. ती वाहून नेण्यासाठी प्रोसेसरवर धातूच्या पात्यांचा एक ठोकळा बसवितात आणि त्यावर पंखा फिरतो. ठोकळा व प्रोसेसर यांच्या पृष्ठभागांमध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्यांतील हवा उष्णतेची वाट अडविते, म्हणून मध्ये उष्णतावाहक लेपाचा पातळ थर देतात. हा लेप काही वर्षांनी वाळतो.

या सर्व व्यवस्थेचे एक मर्म ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पंखा हवेला थंड करीत नाही. तो केवळ खोलीतील हवा आणून देतो. त्यामुळे प्रोसेसरचे तपमान खोलीच्या तपमानापेक्षा ठराविक अंशांनी अधिक राहते. २५ अंश सेल्सिअसच्या खोलीत प्रोसेसर ६० अंशांवर स्थिर होत असेल, तर नागपूर किंवा जयपूर येथील मे महिन्यातील ४२ अंशांच्या खोलीत तोच प्रोसेसर तेच काम करताना ७७ अंशांच्या आसपास जाईल. जानेवारीत निर्दोष असलेला संगणक एप्रिलमध्ये बिघडला, याचा अर्थ एप्रिलमध्ये काही तुटले असा नसून, जानेवारीतही तो कड्याच्या काठावरच उभा होता असा होतो.

तथापि, येथे एका लोकप्रिय समजुतीला मुरड घालणे आवश्यक आहे. संगणक तापला की प्रोसेसरला दोष देण्याची प्रथा आहे, आणि ती बहुतेक वेळा चुकीची ठरते. आधुनिक प्रोसेसर आपले तपमान स्वतःच मोजतो. ते १०० अंशांच्या आसपास पोचू लागले की तो प्रथम आपला वेग कमी करतो आणि तेवढ्यानेही भागले नाही, तर यंत्र बंद करतो. म्हणजे प्रोसेसर तापल्याचे लक्षण मंदपणा अथवा एकदम काळोख हे आहे. चित्रविचित्र चुका हे नव्हे. शिवाय प्रोसेसर व त्यावरील ठोकळा काही मिनिटांतच आपल्या स्थिर तपमानाला पोचतात. बिघाडाला जर तीन तास लागत असतील, तर तितक्याच सावकाश तापणारे दुसरे काही तरी शोधले पाहिजे.

असे सावकाश तापणारे काही तरी भारतीय घरांत पुष्कळदा संगणकाच्या मेजातच असते. संगणकाची पेटी ठेवण्यासाठी मेजाला एक बंद कप्पा केलेला असतो. त्याला पुढे दार, मागे फळी किंवा भिंत. पेटीतून मागे फेकलेली गरम हवा या कप्प्यात कोंडते आणि पुढच्या बाजूने पुन्हा पेटीत ओढली जाते. प्रत्येक फेरीत ती अधिक गरम होते. धूळ बसू नये म्हणून पेटीवर भरतकामाचे आच्छादन घालण्याची रीतही आहे. यंत्र बंद असताना ते योग्य, चालू असताना घातक. येथे चाचणी सोपी आहे. पेटी कप्प्यातून बाहेर काढावी, तिची बाजूची झडप उघडावी आणि मेजावरचा पंखा आतील भागाकडे वळवून ठेवावा. तीन तासांनी येणारा बिघाड आता सात तासांनी आला अथवा आलाच नाही, तर उष्णतेचा अपराध सिद्ध झाला. नुसती झडप उघडून पंखा न लावल्यास हवेचा ठरलेला मार्ग मोडतो आणि काही पेट्यांत उष्णता उलट वाढते.

यानंतर धूळ. रस्त्यावरची माती, कापसाचे तंतू, उदबत्तीचा धूर आणि स्वयंपाकघरातील तेलकट वाफ यांचा मिळून एक नमद्यासारखा थर धातूच्या पात्यांत बसतो. तो काढताना विजेची तार भिंतीतून पूर्णपणे उपसावी, पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर विद्युत उतरवावी आणि हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळे सोडलेले पाते वाऱ्याने भलत्याच वेगाने फिरून त्याचे धारवे बिघडतात.

स्मृती, धारित्रे आणि सैल सांधे

विचित्र व दरवेळी वेगळ्या दिसणाऱ्या चुकांचे मूळ अनेकदा रॅममध्ये असते. रॅममधील प्रत्येक अंक म्हणजे एका अतिसूक्ष्म धारित्रातील विद्युतभार होय. ही रचना रॉबर्ट डेनार्ड यांनी आय. बी. एम. या कंपनीत शोधून काढली. तिचे पेटंट १९६८ साली मिळाले. तिचा मोठा गुण साधेपणा आणि मोठा अवगुण गळती. भरलेला भार सारखा झिरपत राहतो, म्हणून प्रत्येक अंक सामान्यतः दर ६४ सहस्रांश सेकंदांत एकदा तरी वाचून नव्याने भरावा लागतो. तपमान वाढले की गळती वाढते. ८५ अंशांच्या वर हेच काम दुप्पट वेगाने करण्याचा नियम आहे. एखाद्या चकतीतील काही धारित्रे मुळातच दुबळी असली, तर थंड असताना ती वेळेपर्यंत तग धरतात आणि तापल्यावर धरीत नाहीत. मोठ्या संगणकसेवा चालविणाऱ्या यंत्रांत अशा चुका ओळखून दुरुस्त करणारी जादा रॅम बसविलेली असते. घरगुती यंत्रांत ती बहुधा नसते.

रॅमची परीक्षा घेण्यासाठी मेमटेस्ट८६ यांसारखे कार्यक्रम मिळतात. ते पेनड्राइव्हवरून, नेहमीची कार्यप्रणाली सुरू होण्यापूर्वीच चालवितात. त्यांचा उपयोग करताना एक चूक सर्रास होते. सकाळी, थंड यंत्रावर, एक फेरी चालवून रॅम निर्दोष ठरविली जाते. ही परीक्षा बिघाड झाल्यावर लगेच, यंत्र गरम असतानाच, घ्यावी आणि रात्रभर चालू द्यावी. एकही चूक आली तरी ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. चूक आल्यास एका वेळी एकच पट्टी ठेवून, आणि मग तीच पट्टी दुसऱ्या खाचेत बसवून पाहावी, म्हणजे दोष पट्टीचा की खाचेचा ते कळते. रॅम नेमलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालविण्याची योजना बायॉसमध्ये केलेली असेल, तर नवी पट्टी विकत घेण्यापूर्वी ती योजना रद्द करून पाहणे शहाणपणाचे ठरते.

मदरबोर्डवर आणि वीजपुरवठ्याच्या पेटीत आणखी एक प्रकारची धारित्रे असतात. ती लहान नळकांड्यांसारखी दिसतात व त्यांत द्रव असतो. उष्णतेने हा द्रव हळूहळू उडून जातो. त्यांच्या आयुष्याचा ढोबळ नियम असा की, तपमान दहा अंशांनी उतरले तर आयुष्य दुप्पट होते. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारे धारित्र ६५ अंशांवर सुमारे ३२,००० तास टिकेल; अखंड चालविल्यास हे जेमतेम पावणेचार वर्षे भरतात. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत सदोष द्रव भरलेली अशी धारित्रे जगभरच्या मदरबोर्डांवर बसविली गेली आणि असंख्य यंत्रे अकाली निकामी झाली. दुबळ्या धारित्राची खूण डोळ्यांना दिसते. त्याचे सपाट डोके फुगलेले असते, किंवा डोक्यावरील खाचेतून तपकिरी खवले बाहेर आलेले असतात. मदरबोर्डवरील असे धारित्र कुशल कारागीर थोड्या खर्चात बदलू शकतो. वीजपुरवठ्याची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. २३० व्होल्टचा पुरवठा तिच्यात सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश दाबात रूपांतरित होतो आणि तार काढल्यावरही काही काळ आत साठून राहतो. तो प्राणघातक ठरू शकतो.

तापणे आणि निवणे यांमुळे धातू प्रसरण व आकुंचन पावतो, आणि रोजच्या या हालचालीने खाचेत बसविलेले भाग कणाकणाने वर सरकतात. १९८० साली अमेरिकेत ॲपल ३ हा संगणक बाजारात आला. त्यात आवाज नको म्हणून पंखाच ठेवला नव्हता. उष्णता धातूच्या कवचातून निघून जावी अशी कल्पना होती. काही काळ चालल्यावर अनेक यंत्रे बिघडू लागली, कारण आतील चकत्या आपल्या खाचांतून सैल होत. यंत्र काही इंच उचलून मेजावर सोडावे, म्हणजे चकत्या पुन्हा जागेवर बसतील, असा सल्ला कंपनीच्या तंत्रज्ञांनी ग्राहकांना दिला होता. दोष पंख्याच्या अभावाचा की खाचांच्या निकृष्टपणाचा, यावर पुढे मतभेद झाले; परंतु हजारो यंत्रे कंपनीला बदलून द्यावी लागली. आजच्या यंत्राला आपटण्याचे कारण नाही. रॅमच्या पट्ट्या काढून, त्यांची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसून, पुन्हा घट्ट बसविल्याने कित्येक अस्थिर संगणक ताळ्यावर येतात.

कार्यक्रमांतील साठवण

तत्काळ पुन्हा सुरू केल्यावर संगणक पुन्हा तासन्‌तास नीट चालत असेल, तर उष्णतेचा विचार सोडून द्यावा. प्रत्येक कार्यक्रम कामापुरती स्मृती मागून घेतो आणि काम झाल्यावर परत करतो, अशी अपेक्षा असते. काही कार्यक्रम ती परत करावयास विसरतात. ग्रंथालयातून पुस्तके नेऊन कधीच न परतविणाऱ्या वाचकासारखी ही स्थिती होय. पहिल्या दिवशी काही जाणवत नाही, वर्षाअखेरीस कपाटे रिकामी. स्मृती संपत आली की संगणक तबकडीचा भाग स्मृती म्हणून वापरू लागतो, आणि तबकडी रॅमपेक्षा फारच मंद असल्यामुळे पडद्यावरचा बाण अडखळू लागतो. कोणत्या कार्यक्रमाने किती स्मृती व्यापली, हे टास्क मॅनेजरमध्ये दर तासाला पाहून लिहून ठेवावे. एकच आकडा सतत चढत असेल, तर अपराधी सापडला. बहुधा तो न्याहाळक असतो, किंवा त्यात जोडलेला एखादा उपकार्यक्रम; पुष्कळदा मुद्रकाचा अथवा चित्रपत्राचा जुना चालक असतो. त्याची नवी आवृत्ती बसविणे हाच उपाय. सर्व तबकडी पुसून कार्यप्रणाली नव्याने घालण्याचा जो सरसकट उपाय सांगितला जातो, त्याने दोषी कार्यक्रमही पुन्हा बसविला जातो आणि महिन्याभराने सारे पूर्ववत होते.

वेळेबरोबर वाढणारी चूक किती सूक्ष्म असू शकते, याची दोन उदाहरणे नोंदविण्याजोगी आहेत. विंडोज ९५ व विंडोज ९८ या कार्यप्रणालींत यंत्र सुरू झाल्यापासूनचा काळ सहस्रांश सेकंदांत मोजणारा एक अंक होता. त्यात ३२ द्विमान स्थाने होती. ४,२९,४९,६७,२९६ या संख्येपाशी तो पुन्हा शून्यावर येई. हा काळ ४९.७ दिवसांचा होतो, आणि तेवढे दिवस अखंड चालू राहिलेला संगणक गोठू शकत असे. दोष १९९९ साली दुरुस्त झाला. इतके दिवस ते यंत्र न पडता चालविणारेच थोडे असल्याने तो तोवर दडून राहिला.

दुसरे उदाहरण घरगुती नाही, पण कारण त्याच जातीचे आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेच्या पेट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला इराकी क्षेपणास्त्र अडविता आले नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. तिचा संगणक काळ दशांश सेकंदांत मोजीत असे. एक दशांश हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत पूर्णपणे लिहिता येत नाही. शेपूट कापावे लागते. प्रत्येक मोजणीतील ही नगण्य चूक साचत गेली आणि १०० तासांहून अधिक काळ अखंड चालल्यावर घड्याळ सुमारे ०.३४ सेकंदांनी चुकले. तेवढ्यात क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. फार वेळ चालविल्यास यंत्रणा चुकते, अशी सूचना आधी पाठविली गेली होती. फार वेळ म्हणजे किती तास, हे तीत नव्हते. सुधारलेला कार्यक्रम दुसऱ्या दिवशी पोचला. अधूनमधून संगणक पुन्हा सुरू केला असता, तरी साचलेली चूक पुसली गेली असती.

विजेचा दाब

बिघाड घड्याळाच्या ठराविक वेळी येत असल्यास, विशेषतः संध्याकाळी दिवे, पंखे व पाण्याचे पंप एकदम चालू होण्याच्या सुमारास, पुरवठ्याकडे वळावे. वीजपुरवठ्याची पेटी आपल्या मोठ्या धारित्रात थोडी ऊर्जा साठवून ठेवते. पुरवठ्यात क्षणिक खंड पडला तर यंत्र त्या बळावर निभावते. ही ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब २३० वरून १८० व्होल्टवर आला, तर साठा सुमारे तीन-पंचमांशच उरतो, आणि एरवी पचणारा धक्का पचत नाही. जुन्या पेटीतील वाळलेल्या धारित्रांमुळे तो आणखी घटतो. म्हणूनच जुना संगणक उंबरठ्यावर अडखळतो आणि त्याच घरातील नवा अडखळत नाही. पेटीतून निघणारा १२ व्होल्टचा दाब ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान राहावयास हवा. बायॉसमध्ये दिसणारा आकडा कामचलाऊ समजावा आणि शंका आल्यास जाणकाराकडून मीटरने, यंत्र भारावर असताना, मोजून घ्यावे.

भाग बदलावयाची वेळ आलीच, तर एका वेळी एकच बदलावा आणि बिघाडाला लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट काळ यंत्र चालवून पाहावे. तीन तासांनी पडणाऱ्या संगणकाने एक तास काढला, यावरून काहीच ठरत नाही. शक्य असल्यास नवा भाग विकत घेण्याआधी ओळखीच्या यंत्रातील तसाच भाग उसना आणून बसवावा; आणि दुकानात देताना वहीचे ते पान सोबत देऊन, यंत्र किमान चार तास भारावर चालविल्याशिवाय परत करू नये असे कारागिराला सांगावे.